मोबाइल काढून घेण्याआधी जुनी प्रगतिपुस्तकं काढा

मुलगा १५ वर्षांचा, पुस्तक उघडलं की दहाव्या मिनिटाला हात मोबाइलकडे, शाळेतून ‘लक्ष नसतं’ ही तक्रार. मोबाइल बंद केला तर लक्ष परत येईल का, असं तुम्ही विचारलंय. वाचून पोटात कालवलं. आमच्याकडेही हेच होतं.

आम्ही जिथे दाखवलं तिथे एकच प्रश्न विचारला, ‘मोबाइल किती तास?’ आणि शिक्का मारून मोकळे झाले. मोबाइल हातात येण्याआधी मूल कसं होतं, हे कुणी विचारलंच नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही. त्यात सगळ्यात जास्त नुकसान झालं. अशा तक्रारीमागे एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा आणि अतिचंचलतेचा विकारही असू शकतो. त्याचं निदान करताना काही लक्षणं १२ वर्षांच्या आधीपासूनची असावी लागतात, शिवाय घर आणि शाळा अशी किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. म्हणून तिसरी-चौथीची प्रगतिपुस्तकं शोधा. ‘हुशार आहे, पण प्रश्न पुरता वाचत नाही’, ‘वस्तू हरवतो’ असे शेरे तेव्हापासून असतील तर सगळं खापर मोबाइलवर फोडू नका. ती घेऊनच डॉक्टरांकडे जा.

२०१८ साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात लॉस एंजेलिसच्या १५-१६ वर्षांच्या अडीच हजारांवर मुलांचा दोन वर्षांचा अभ्यास आला होता. सुरुवातीला त्यांच्यात एडीएचडीची लक्षणं नव्हती. सोशल मीडिया, मेसेज, व्हिडिओ यांसारखी एकही डिजिटल गोष्ट दिवसातून अनेकदा न करणाऱ्यांपैकी ४.६ टक्के मुलांत ती पुढे दिसली, अशा सात गोष्टी करणाऱ्यांत ९.५ टक्के. संबंध आहे, पण कारण सिद्ध झालेलं नाही. आणि सात गोष्टी करणाऱ्यांतल्याही सुमारे नव्वद टक्के मुलांत ती लक्षणं दिसली नाहीत, हेही त्यातच आहे.

माझं ठाम मत: आधी झोप. या वयाला ८ ते १० तास लागतात, आणि अपुऱ्या झोपेचं मूल एडीएचडीसारखं वागू शकतं. दोन आठवडे वहीत तीनच नोंदी ठेवा: झोपला कधी, उठला कधी, अभ्यासावरून पहिल्यांदा उठला कितव्या मिनिटाला. मोबाइलचे एकूण तास मोजू नका, त्यावर नुसता वाद होतो. चार्जर बाहेरच्या खोलीत, तुमचाही. गजराचं साधं घड्याळ आणा, नाहीतर ‘गजरासाठी लागतो’ म्हणून फोन पुन्हा उशाशी येतो. एकदम हिसकावून घेऊ नका. मुलं मित्राच्या फोनवर जातात आणि आपल्याला काही कळेनासं होतं.

मी डॉक्टर नाही. पण तो जेवणं, बोलणं, मित्र सोडत असेल किंवा जिवाचं बरंवाईट बोलत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि आजच दाखवा.