स्ट्रॅटेजी शिकायची आहे, पण आधी कागद वाचता यायला हवेत

प्रिय विद्यार्थिनी,

तुझं पत्र दोन हस्ताक्षरांत आलं. तीन पानं तुझी आणि शेवटच्या पानाच्या तळाशी, वेगळ्या शाईत, बाबांची एक ओळ : ‘सर, हे शिकून नोकरी कोणती लागते ते कृपया एका वाक्यात सांगावे.’ ती ओळ तुला दाखवून लिहिली की पाकीट बंद करताना गुपचूप, ते मी विचारणार नाही.

तू लिहितेस की तुला प्रवास आवडतो, वेगवेगळ्या देशांतल्या लोकांबद्दल कुतूहल आहे, बिझनेसमध्ये रस आहे. म्हणजे ‘इंटरनॅशनल बिझनेस स्ट्रॅटेजी’ हा विषय जणू तुझ्यासाठीच काढलाय. तुझ्यापुढे दोन वाटा आहेत. एका विद्यापीठात थेट याच नावाची पदवी आहे. दुसरीकडे साधी बिझनेस मॅनेजमेंटची पदवी आहे आणि शेवटच्या वर्षी आंतरराष्ट्रीय शाखा घेता येते. शिवाय गणिताची धास्ती आहेच.

बाबांना आधी उत्तर देतो, त्यांनी थोडक्यात विचारलंय म्हणून. पदवी हातात पडल्या पडल्या स्ट्रॅटेजी ठरवण्याची नोकरी जवळपास कुणालाच मिळत नाही. कोणत्या देशात कारखाना टाकावा, हे एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी कुणी आपल्याला विचारत नाही. बड्या सल्लागार कंपन्या ताजे पदवीधर घेतात हे खरं, पण जागा मोजक्या असतात आणि तिथे पदवीच्या नावापेक्षा आकडे घेऊन विचार करता येतो का, हे पाहतात. बाकीच्यांची सुरुवात निर्यातीच्या कागदपत्रांपासून, पुरवठा साखळीतून, बँकेच्या व्यापार विभागातून किंवा परदेशी ग्राहक सांभाळणाऱ्या सेल्स टीममधून होते. एका वाक्यात मावलं नाही, माफ करा.

आता तुझं. प्रवासाच्या आवडीचा या विषयाशी फारसा संबंध नाही. हे जरा कडू वाटेल, पण पत्रातलं तेच कारण सगळ्यांत कच्चं आहे. प्रवास या विषयाशिवायही करता येतो, आणि या विषयात काम करणारी कितीतरी माणसं वर्षानुवर्षं एकाच टेबलावर बसून कस्टम्सच्या नियमांशी झटत असतात. कुतूहलाचं कारण मात्र पक्कं आहे. फक्त ते लोकांपुरतं आहे की कंपन्यांबद्दलही आहे, हे तपासून पाहा.

कारण या विषयाच्या मुळाशी एक साधा, पण चिवट प्रश्न आहे. परक्या देशात गेलेल्या कंपनीला तिथली भाषा येत नाही, कायदा ठाऊक नसतो, ग्राहकाची नस सापडलेली नसते. तिथल्या कंपनीला हे सगळं आयतं मिळालेलं असतं. मग परकी कंपनी टिकते कशाच्या जोरावर? स्टीफन हायमर या कॅनडातल्या अर्थतज्ज्ञाने 1960 साली एमआयटीमधल्या पीएचडीच्या प्रबंधात हा प्रश्न मांडला. त्याचं उत्तर असं, की परकेपणाचा भुर्दंड भरूनही काहीतरी उरेल इतकं खास त्या कंपनीजवळ असावं लागतं : तंत्र, ब्रँड, व्यवस्था, काहीही. प्रबंध पुस्तकरूपात आला 1976 मध्ये, हायमर गेल्यानंतर दोन वर्षांनी. पुढे जॉन डनिंग या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने त्यात आणखी दोन प्रश्न जोडले. तोच देश का? आणि तिथल्या कुणाला परवाना देऊन मोकळं होण्याऐवजी स्वतः का जायचं? वर्गात हे ‘ओएलआय’ (ओनरशिप, लोकेशन, इंटर्नलायझेशन : खास काय, कुठे, स्वतःच का) या तीन अक्षरांत शिकवतात, आणि मुलं अक्षरं पाठ करून प्रश्न विसरतात. तू उलटं कर.

वॉलमार्टचं उदाहरण घे. 1997 च्या अखेरीस ही कंपनी जर्मनीत उतरली, तिथल्या दुकानांची एक साखळी विकत घेऊन; दुसरी घेतली वर्षभराने. 2006 मध्ये आपली 85 दुकानं मेट्रो या जर्मन कंपनीला विकून बाहेर पडली. वर्गात ही गोष्ट सांगताना हमखास हसू येतं ते दारात उभं राहून हसतमुखाने स्वागत करण्याच्या अमेरिकी पद्धतीचं, जी जर्मन गिऱ्हाइकाला रुचली नाही. किस्सा मजेदार आहे. मला मात्र त्यामुळे विद्यार्थ्यांचं नुकसान होतं असं वाटतं, कारण सगळं खापर ‘संस्कृती’वर फोडून ते मोकळे होतात. हसणं थांबवणं एका सूचनेचं काम आहे. खरी अडचण थांबवता येण्यासारखी नव्हती. वॉलमार्टची ताकद होती स्वस्ताई. आणि जर्मनीत आल्डी व लिडल या स्वस्त दुकानांच्या साखळ्यांनी स्वस्ताईचं मैदान आधीच मारलेलं होतं. स्वस्त विकायचं तर पुरवठादाराला भावात वाकवावं लागतं, ते हजारो दुकानांच्या जोरावर जमतं, 85 दुकानांच्या नाही. त्यात 2000 साली तिथल्या स्पर्धा आयोगाने दूध, साखर अशा वस्तू खरेदी किमतीपेक्षा कमी भावात विकू नका, असा आदेश काढला. तो आल्डी आणि लिडललाही लागू होता, पण परक्या देशात पाय रोवू पाहणाऱ्याचा एक रस्ता बंद झाला. हायमरचा प्रश्न इथे लावून बघ : भुर्दंड भरूनही उरेल असं खास वॉलमार्टजवळ जर्मनीत काय होतं? घरी होतं ते सीमेवरच राहिलं.

हे वाचताना तुला पुढचं विचारावंसं वाटलं असेल, तर हा विषय तुझा आहे. ‘बरं, मग?’ असं वाटलं असेल, तर तेही आत्ताच कळलेलं बरं.

स्ट्रॅटेजीचे प्राध्यापक पंकज घेमावत यांनी 2001 मध्ये दोन देशांमधलं अंतर चार प्रकारांनी मोजायला सांगितलं : सांस्कृतिक, प्रशासकीय, भौगोलिक आणि आर्थिक. ही चौकट आधी शीक, कारण ती वापरायला सोपी आहे आणि नकाशावर जवळ दिसणारा देश प्रत्यक्षात किती लांब असू शकतो हे लगेच कळतं. स्वीडनमधल्या उप्सालाच्या योहानसन आणि वाह्लने या अभ्यासकांचं 1977 मधलं म्हणणंही त्याला जोडून वाच. कंपन्या एका उडीत परदेशात जात नाहीत. आधी एजंटामार्फत माल पाठवतात, मग स्वतःचं विक्री कार्यालय, मग कारखाना. आणि सुरुवात करतात ओळखीच्या वाटणाऱ्या देशापासून. आज काही कंपन्या जन्मतःच जगभर विकतात, म्हणून हे जुनं झालं असं म्हणणारे भेटतील. अर्धं खरं आहे. ॲप एका रात्रीत सीमा ओलांडतं. गोदाम, कामगार आणि परवाने ओलांडत नाहीत.

आता शीर्षकातल्या कागदांकडे येतो. माझी पहिली नोकरी निर्यातीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये होती. लेटर ऑफ क्रेडिटवर (म्हणजे कागद बरोबर असतील तर विक्रेत्याला पैसे देऊ, या बँकेच्या हमीपत्रावर) खरेदीदाराच्या नावाचं स्पेलिंग एक आणि आमच्या इन्व्हॉइसवर दुसरं. बँकेने ‘डिस्क्रेपन्सी’, म्हणजे कागदांत तफावत, म्हणून पैसे अडवले. माल समुद्रात, पैसे बँकेत आणि मी साहेबांसमोर. त्या दिवशी कळलं की बँक माल बघत नाही, कागद बघते. कंपनीच्या सगळ्या स्ट्रॅटेजीचा शेवट अशा कागदावर होतो आणि तो वाचता येणारी माणसं कमी असतात.

इन्कोटर्म्स घे. विक्रेता आणि खरेदीदार यांच्यात खर्च आणि जोखीम कशी वाटायची, याच्या आंतरराष्ट्रीय चेंबर ऑफ कॉमर्सने ठरवलेल्या या अटी, 2020 च्या आवृत्तीत 11 आहेत. त्यातल्या सीआयएफमध्ये (कॉस्ट, इन्शुरन्स, फ्रेट) विक्रेता मालाच्या पोहोचण्याच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा भरतो. म्हणून नवशिक्याला वाटतं, वाटेतली जोखीमही त्याचीच. नाही! माल निघण्याच्या बंदरात जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची. कोण पैसे भरतो आणि नुकसान झालं तर कुणाचं होतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे ज्याला पहिल्या दिवशी ठाऊक असतं त्याच्याकडे तिसऱ्या महिन्यात जरा मोठं काम येतं. एचएस कोडचंही, म्हणजे व्यापारातल्या प्रत्येक वस्तूच्या वर्गीकरणाच्या क्रमांकाचंही, तसंच. पहिले सहा अंक जगभर सारखे असतात आणि त्या अंकांवरून आयातशुल्क ठरत जातं. वस्तू कोणत्या कोडखाली टाकायची, हा निर्णय वरकरणी कारकुनी दिसतो, पण कधीकधी सगळा नफा त्यातच असतो.

गणिताचं फार मनावर घेऊ नकोस. लागतं ते शेकडेवारी, व्याज, थोडी संख्याशास्त्राची समज, आणि एक्सेलची भीती नसणं. नमुन्यादाखल : 92 ला पडलेली वस्तू 100 ला विकलीस, पैसे नव्वद दिवसांनी परकी चलनात येणार, आणि तेवढ्यात ते चलन तुझ्या चलनासमोर 10 टक्क्यांनी घसरलं. हातात आले 90. वस्तू उत्तम, गिऱ्हाईक खूश आणि तुझा तोटा 2. एवढं समजलं ना? मग झेपेल.

भाषा एकच निवड, पण व्यवहाराचा ईमेल न अडखळता लिहिता येईल इथपर्यंत शीक. तीन भाषांत ‘नमस्कार’ म्हणता येणाऱ्याला कुणी कामावर ठेवत नाही.

दोन वाटांपैकी कोणती? दोन्ही अभ्यासक्रमांची विषययादी उघड. पहिल्या वर्षाचे विषय सोड, ते सगळीकडे सारखेच असतात. पुढच्या वर्षांत आंतरराष्ट्रीय मार्केटिंग, आंतरराष्ट्रीय मनुष्यबळ, आंतरराष्ट्रीय अमुक, आंतरराष्ट्रीय तमुक अशी रांग दिसली तर सावध हो. जुन्याच विषयांना विशेषण चिकटवलेलं असू शकतं. त्याऐवजी व्यापार कायदा, परकी चलन आणि वित्त, राजकीय जोखीम, सक्तीची भाषा, परदेशात एक सत्र किंवा इंटर्नशिप हे आहे का ते बघ. राजकीय जोखीम हा विषय एके काळी शेवटच्या तासाला उरकायचे. मॅक्डोनल्ड्सने मॉस्कोत 1990 मध्ये पहिलं दुकान उघडलं आणि 2022 मध्ये रशियातला सगळा पसारा विकून कंपनी बाहेर पडली. आता बाहेर कसं पडायचं, हाही स्ट्रॅटेजीचाच प्रश्न आहे आणि तो न शिकवणारा अभ्यासक्रम मागे पडलेला आहे. एएसीएसबी किंवा इक्विस ही बिझनेस शिक्षणसंस्थांना मिळणारी आंतरराष्ट्रीय मान्यता असेल तर चांगलंच, पण ती संस्थेला मिळते. तुझ्या विषयाचे शिक्षक कसे आहेत ते तिच्यावरून कळत नाही. ते शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचार.

माझा कौल विचारशील तर साधी बिझनेसची पदवी, तिच्यात अकाउंटिंग मन लावून, आणि शेवटी आंतरराष्ट्रीय शाखा. थेट पदवीच्या यादीत वर सांगितलेल्यातलं बरंचसं सापडलं, तर मत बदलायला मी तयार आहे. स्ट्रॅटेजी दोन-तीन वर्षं नोकरी करून पदव्युत्तर पातळीवर शिकली की जास्त अंगी लागते, कारण तोवर कंपनी आतून कशी चालते ते पाहिलेलं असतं. बाबांनाही हा हिशेब पटेल असं वाटतं : अकाउंटिंग आलेलं माणूस रिकामं बसत नाही.

निर्णयाआधी एक काम कर. टार्गेट ही अमेरिकी कंपनी 2013 मध्ये कॅनडात गेली. शेजारचा देश, बहुतांश भाषा तीच, गिऱ्हाइकांना नाव आधीपासून माहीत. घेमावतांच्या चारही अंतरांत कॅनडा अगदी दाराशी. तरी 2015 मध्ये सगळी 133 दुकानं बंद करावी लागली. त्या दोन वर्षांचे कंपनीचे वार्षिक अहवाल इंटरनेटवर फुकट मिळतात, ते वाच, त्या काळच्या बातम्या वाच, आणि दोन पानं लिही : परकेपणा इतका कमी असताना हे का झालं? त्या दुकानांतल्या रिकाम्या शेल्फांपासून सुरुवात कर. लिहून झालं की मला पाठव, आणि त्याखाली बाबांना त्यांच्या शाईत एक ओळ लिहायला सांग.

तुझा,
करिअर मार्गदर्शक