30 एचपीचं डिझेल आउटबोर्ड नवीन का मिळत नाही?

तुम्ही विचारलंय की नेदरलँड्समध्ये तीसेक एचपीचं नवीन डिझेल आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लटकवायचं इंजिन) कुठेच दिसत नाही, बंदी आलीय का. बंदी नाही हो, पण परवडेनासं झालं ते नियमांमुळेच.

मी इथेच एका बोटयार्डात इंजिनांची कामं करतो. आमच्याकडे एक म्हातारं यानमार डी27 दर हिवाळ्यात येतं, तीन सिलिंडर, 27 एचपी, सगळं मेकॅनिकल, वायरिंग नावालाच. खाली उतरवायला दोघं लागतात आणि चालू झालं की अख्ख्या यार्डाला कळतं. आता असलं इंजिन पास करायचं तर अवघड, कारण युरोपात 2006 पासून नवीन प्लेझर बोटींच्या डिझेललाही धुराची मर्यादा आली, 2013 च्या डायरेक्टिव्हने, म्हणजे युरोपियन युनियनच्या नियमाने, ती अजून आवळली, अमेरिकेत ईपीएचे (तिथल्या पर्यावरण खात्याचे) नियम वेगळेच. डिझेलची गोची अशी की काजळी कमी करायला गेलं की नॉक्स (धुरातले नायट्रोजनचे विषारी वायू) वाढतो, नॉक्स कमी करायला गेलं की काजळी, दोन्ही सांभाळायचं तर कॉमन रेल (जास्त दाबाने डिझेल फवारणारी यंत्रणा), टर्बो (जादा हवा कोंबणारा पंखा), ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सगळं आलं, आणि ते बसवायचं कुठे, तर होडीच्या मागच्या फळीवर लटकणाऱ्या डब्यात! वर टेस्टिंगचा खर्च, जो वर्षाला मोजकेच नग खपणाऱ्या मॉडेलवर कसा निघणार?



म्हणून जी डिझेल आउटबोर्ड उरली ती मोठी आणि महाग. डीटॉर्क नावाचं एक आहे 50 एचपीचं, पण वजन पावणेदोनशे किलोच्या आसपास, तेवढ्याच ताकदीचं पेट्रोल शंभर-एकशेदहात येतं. स्वीडनच्या ऑक्से कंपनीने तर गाडीचंच इंजिन आडवं टाकून बेल्टने खाली ताकद नेली, इंग्लंडच्या कॉक्स कंपनीचं 300 एचपी जवळजवळ 400 किलो. ही घेतात कोण, तर नौदल, रेस्क्यूवाले, नॉर्वेतले मासेपालनवाले, ज्यांना जहाजावर पेट्रोलचा साठा नकोच असतो. तुमच्या-माझ्यासारख्याच्या होडीसाठी ती नाहीतच.

जुनं घ्यायचं असेल तर बिनधास्त घ्या, नियम नव्याने बाजारात येणाऱ्या मालाला आहेत, इथे आधीपासून चालणाऱ्याला नाहीत. फक्त युरोपियन युनियनच्या बाहेरून कोणी डी27 स्वस्तात पाठवतो म्हणाला तर थांबा, बाहेरून पहिल्यांदा आत येणारं जुनं इंजिनही कायद्याने नवीनच धरतात, कस्टमला अडकलं की बसा.