एसएटीला (अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाची परीक्षा) १६०० पैकी १५५० आहेत, हार्वर्ड-एमआयटीला ॲडमिशन पक्कं समजायचं का?

नाही, पक्कं नाही, पण स्कोअर कमी असता तर अवघडच होतं. हे आयआयटीसारखं नाही हो, तिथे जेईईच्या रँकवर सीट मिळते, इथे स्कोअरवरून एवढंच बघतात की पोराला या कॉलेजांचा अभ्यास झेपेल का, आणि झेपणारे हजारोंनी अर्ज करतात, मग शाळेतले मार्क, निबंध, शिक्षकांची पत्रं यावर ठरतं. कॉलेजचा कॉमन डेटा सेट (कॉलेजनं स्वतः दिलेली प्रवेशाची आकडेवारी) गूगल करा, त्यात प्रवेश घेतलेल्यांचे २५ आणि ७५ पर्सेंटाइलचे स्कोअर असतात, म्हणजे पाव मुलं ज्याच्या खाली आणि पाव मुलं ज्याच्या वर असतात ते, त्या दोन्हींच्या मधे बसत असाल तर परत परीक्षा देत बसू नका. फक्त नियम कॉलेजगणिक वेगळे, एमआयटीनं २०२२ला आणि हार्वर्डनं २०२४ला टेस्ट परत कम्पल्सरी केल्याचं जाहीर केलं, उलट कॅलिफोर्नियातली बर्कली, यूसीएलए ही सरकारी विद्यापीठं ॲडमिशनला स्कोअर बघतच नाहीत.