लोकगीत कसलं, उठावगीत म्हणा

प्रश्न असा आहे: 'लंडनमधल्या आमच्या मराठी मित्रमंडळींत सेंट पॅट्रिक दिनाला, म्हणजे आयरिश लोकांच्या राष्ट्रीय सणाला, एकाने "कम आउट, यी ब्लॅक अँड टॅन्स" पाठवलं आणि वर लिहिलं, "सुंदर आयरिश लोकगीत". त्यावरून वाद झाला. रेबेल साँगला, म्हणजे इंग्रजी सत्तेविरुद्धच्या असल्या आयरिश गाण्याला, मराठीत काय म्हणावं? आणि अशी गाणी पाठवावीत का?'

आधी त्या 'लोकगीत'चा समाचार घेऊ. गिटार वाजली, चार माणसांनी टाळ्या धरल्या की आपल्याकडे लोकगीत होतं! हे गाणं डॉमिनिक बेहान या आयरिश गीतकाराने लिहिलंय. ब्लॅक अँड टॅन्स म्हणजे १९२० साली आयर्लंडच्या पोलिसांत भरती केलेले ब्रिटिश माजी सैनिक. गणवेश पुरेनात म्हणून निम्मं खाकी, निम्मं गडद हिरवं, त्यावरून हे नाव. गाण्यातला बाप दारू पिऊन घरी येतो आणि इंग्रजधार्जिण्या शेजाऱ्यांना 'या बाहेर' म्हणून ललकारतो. असल्या गाण्याला लोकगीत म्हटलं की पाठवणाऱ्याच्या अंगाला काही चिकटत नाही. म्हणूनच तो शब्द एवढा लाडका.

आता मराठी शब्द. 'राजद्रोही गीत' बाद. संस्कृत 'द्रुह्' म्हणजे घात करणं. द्रोह म्हणायचं तर आधी निष्ठा देणं लागत होतो हे मान्य करावं लागतं, आणि आयरिश माणसाचं भांडण नेमकं तिथेच आहे. 'बंडखोर गीत' म्हणावं तर हल्ली तिकीट कापलं गेलेला प्रत्येक इच्छुक बंडखोर असतो. काही जाणकार 'क्रांतिगीत' सुचवतात. त्यांना विनंती, इंग्रजांविरुद्धच्या आयरिश उठावांची सनावळी बघा: १७९८, १८०३, १८४८, १८६७. सगळे प्रयत्न फसले. काहीच पालटलं नाही तर क्रांती कसली? 'रेबेल'च्या मुळाशी लॅटिन 'रेबेलिस' आहे, म्हणजे फिरून लढाईला उभा राहणारा. हरणं त्यात गृहीतच आहे, आणि हरल्यावर गाणी होतात.

माझा शब्द 'उठावगीत'. आणि तो माझा आहे म्हणून नव्हे! १९१६च्या ईस्टरमधल्या उठावाला आयरिश भाषेत 'एरी अमाख' म्हणतात. 'एरी' म्हणजे उठणं, 'अमाख' म्हणजे बाहेर. उठून बाहेर पडणं. आपण 'उठणे'वरून 'उठाव' केला, त्यांनी त्यांच्या 'उठणे'वरून 'एरी अमाख'. अठराशे सत्तावन्नला शिपायांचं बंड म्हणायचं की स्वातंत्र्यसमर, यावर भांडून झाल्यावर आपण 'उठाव'पाशी येऊन थांबलो, हेही ध्यानात घ्या. शिवाय बाजारात मालाला उठाव असतोच. जानेवारी २०२०मध्ये आयरिश सरकारने त्याच जुन्या पोलिस दलाच्या स्मरणाचा कार्यक्रम ठरवला, लोक खवळले, कार्यक्रम पुढे ढकलावा लागला आणि हे गाणं आयट्यून्सच्या यादीत पहिलं आलं. दोन्ही अर्थांनी उठाव! कोशवाल्यांनी यावर उत्तर द्यावं.

हां, पाठवावं का? सतराशे अठ्ठ्याण्णवच्या उठावाचं गाणं खुशाल पाठवा. पण ऑक्टोबर २०२२मध्ये आयर्लंडच्या महिला फुटबॉल संघाने स्कॉटलंडला हरवून ड्रेसिंग रूममध्ये 'अप द रा' म्हटलं. 'रा' म्हणजे आयआरए, ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणारी सशस्त्र आयरिश संघटना. माफी मागावी लागली, युएफा या युरोपच्या फुटबॉल महासंघाने वीस हजार युरो दंडही केला. उत्तर आयर्लंडच्या संघर्षात १९९८पर्यंत साडेतीन हजारांवर माणसं गेली, त्यांच्या घरची माणसं आज हयात आहेत, आणि लंडनच्या त्या मंडळींत कोण कुणाच्या घरात सून किंवा जावई आहे हे पाठवणाऱ्याने विचारलं होतं का? पाठवायचंच तर कर्त्याचं नाव, साल आणि कुणाविरुद्ध आहे ते लिहून पाठवावं.

शब्द गाळून नुसती चाल पाठवू म्हणाल, तर तीही बेहान यांची नाही. मन्स्टर या दक्षिण आयर्लंडमधल्या प्रांताच्या जुन्या आयरिश रणगीताची आहे, आणि त्याच चालीवर विरुद्ध बाजूचे ऑरेंजवाले, म्हणजे ब्रिटनशी एकनिष्ठ प्रोटेस्टंट, १६९०च्या आपल्या विजयाचं 'बॉइन वॉटर' म्हणतात.