ओहायोतल्या १८५० सालच्या जोडप्याच्या मागे कसं जायचं? बायकोचं माहेर कसं शोधायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जावयांच्या घराण्यातलं एक शेतकरी जोडपं १८५०च्या जनगणनेत पूर्व ओहायोत मुलाबाळांसह सापडलं. नवऱ्याचा जन्म पेनसिल्व्हेनियातला, बायकोचा ओहायोतला. बायकोचं माहेरचं आडनाव माहीत नाही, दोघांच्याही आईवडिलांचा पत्ता नाही. नातीसाठी वंशावळ करायची आहे, तर आता पुढे काय?

मी ओहायोत राहते आणि इथल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या वंशावळ कक्षात स्वयंसेवक म्हणून बसते. नेमके इथेच अडलेले लोक तिथे नेहमी येतात. त्यांना सांगते तेच तुम्हालाही सांगते: नवऱ्याचं आडनाव सध्या बाजूला ठेवा आणि बाईचा माग काढा. नवरा पेनसिल्व्हेनियातून आला, पण त्या राज्यात नेमका कुठून ते कळत नाही. बायको ओहायोतच जन्मली, म्हणजे तिचे आईवडील आधीपासून ओहायोत होते, बहुधा त्याच काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) किंवा शेजारच्या. शोधायचा टापू लहान झाला. शिवाय एकदा तिचं माहेर सापडलं की पुष्कळदा नवऱ्याची माणसंही त्याच वाटेने हाती लागतात, कारण पेनसिल्व्हेनियातल्या एकाच गावची घरं मागेपुढे ओहायोत येऊन शेजारी जमिनी घेत.

सगळे १८५०लाच का अडतात, ते आधी सांगते. अमेरिकेची जनगणना १७९०पासून दर दहा वर्षांनी होते, पण १८४०पर्यंत कागदावर नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बाकीची माणसं वयोगटाच्या रकान्यात आकडे म्हणून. घरातल्या प्रत्येक स्वतंत्र माणसाचं नाव पहिल्यांदा लिहिलं गेलं १८५०ला. ('स्वतंत्र' हा शब्द मुद्दाम वापरला. गुलामांची १८५० आणि १८६०ची यादी वेगळी होती. तीत मालकाचं नाव आणि खाली वय, लिंग, रंग एवढंच. जावयांच्या आईकडून दक्षिणेतली कृष्णवर्णीय शाखा असेल, तर तिथली नावं सरसकट १८७०पासूनच मिळतील. तो शोध फार वेगळ्या रीतीने करावा लागतो. त्यासाठी वेगळा प्रश्न विचारा, जरूर लिहीन.)

१८५०च्या पानावर नावं आहेत, वय आहे, व्यवसाय आहे, जमिनीची किंमत आहे. नातं मात्र नाही. कुटुंबप्रमुखाशी नातं लिहायची सुरुवात १८८०ला झाली. म्हणून तुमच्या प्रश्नातलं 'बायको' आणि 'मुलाबाळांसह' हा अजून आपला अंदाज आहे. ती बाई दुसरेपणाची असेल, थोरली मुलं पहिलीची असतील, एखादं पोर भावाचं असेल.

अब्राहम लिंकन यांच्या घरचं उदाहरण घ्या. त्यांची आई नॅन्सी हँक्स १८१८ला इंडियानात वारली. वडील थॉमस यांनी २ डिसेंबर १८१९ला केंटकीतल्या एलिझाबेथटाउनला सारा बुश जॉन्स्टन या विधवेशी लग्न केलं आणि तिला तिच्या तीन मुलांसह घरी आणलं. घरात थॉमसची दोन मुलं, त्यातल्या मुलीचंही नाव साराच, आणि वर नॅन्सीच्या नात्यातला डेनिस हँक्स. त्या घराची यादी १८५०च्या पद्धतीने झाली असती, तर वाचणाऱ्याने डोळे मिटून साराला अब्राहमची आई ठरवलं असतं. तुमच्या यादीत दोन मुलांमध्ये चार-पाच वर्षांची फट दिसत असेल, किंवा थोरल्याच्या जन्माच्या वेळी बाई जेमतेम पंधराची येत असेल, तर थांबा आणि दुसऱ्या लग्नाचा विचार करा.

वयांवर फार भार टाकू नका, हेही लिंकन यांच्याच घरावरून. मेरी टॉड लिंकन यांचा जन्म डिसेंबर १८१८चा. १८५०च्या जनगणनेत त्यांचं वय २८ लिहिलंय आणि १८६०ला ३५. म्हणजे दहा वर्षांत बाई सात वर्षांनी मोठ्या झाल्या, आणि दोन्ही वेळा खऱ्या वयापेक्षा लहानच. वकिलाच्या सुशिक्षित घरात ही गत. माहिती कोणी दिली हे १९४०च्या आधीच्या जनगणनांत खुणेनेही नोंदवलेलं नाही. नवरा शेतात असेल आणि शेजारणीने सांगितलं असेल. एकाच जनगणनेतलं वय धरून जन्मसाल पक्कं करू नका, सगळ्या ओळीने लावा.

आता कामाचं. मागे जाण्याआधी पुढे जा. हे ऐकून लोक नाराज होतात, पण उत्तर बहुतेक वेळा पुढच्याच कागदांत असतं. तेच कुटुंब १८६०, १८७०, १८८० आणि १९००मध्ये शोधून काढा. १८८०चं पान मला सगळ्यात आवडतं. त्यात नातं आहे, आणि प्रत्येकाच्या आईचं व वडिलांचं जन्मस्थान आहे. घरात एखादी सत्तरीची म्हातारी वेगळ्या आडनावाने असेल आणि तिच्यापुढे 'सासू' लिहिलेलं असेल, तर ती कुटुंबप्रमुखाची सासू, म्हणजे तुमच्या बाईची आई. तिने पुन्हा लग्न केलेलं नसेल, तर माहेरचं आडनाव तिथेच मिळालं. म्हातारी १८६० किंवा १८७०लाही त्या घरात असू शकते, फक्त तेव्हा तिच्यापुढे नातं लिहिलेलं नसेल. जी आगंतुक आडनावं आपण 'भाडेकरू असेल' म्हणून सोडून देतो, ती सगळी लिहून ठेवा.

१८९०ची पानं मिळणार नाहीत. जानेवारी १९२१मध्ये वॉशिंग्टनला वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली, त्यात बरीच जळली आणि पाण्याने भिजली. उरलेलीही पुढे सरकारी परवानगीनेच नष्ट करण्यात आली. जवळजवळ सव्वासहा कोटी लोकांच्या त्या मोजणीतली साधारण सहा हजार नावं आज शिल्लक आहेत. हे वाचून मला आजही वाईट वाटतं. मात्र १८९०लाच यादवी युद्धातल्या सैनिकांची आणि त्यांच्या विधवांची वेगळी यादी झाली होती आणि त्यातला ओहायोचा भाग टिकला आहे. कुटुंबातला कोणी त्या युद्धात गेला असेल, तर त्याच्या विधवेच्या पेन्शनचे कागद राष्ट्रीय अभिलेखागारात शोधा. पेन्शनसाठी लग्नाचा पुरावा द्यावा लागे, म्हणून त्या कागदांत लग्नाची तारीख, मुलांचे जन्म, साक्षीदारांच्या जबान्या, कधी घरच्या बायबलची फाडलेली पानंसुद्धा निघतात.

बाई १९००पर्यंत हयात असेल तर त्या जनगणनेत जन्माचा महिना-साल, लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली आणि त्यातली किती जगली हे सगळं मिळेल. पण तिचं माहेरचं आडनाव मिळवायचा माझा सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे तिच्या मुलांचे मृत्यूचे दाखले. ओहायोत राज्यभर मृत्यूचे दाखले २० डिसेंबर १९०८पासून सुरू झाले आणि त्यांत मृताच्या आईचं माहेरचं नाव विचारलेलं असतं. १८४५-६०च्या दरम्यान जन्मलेली तिची मुलं १९०८नंतरच वारलेली असण्याचा चांगला संभव आहे. १९०८ ते १९५३चे हे दाखले फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात, फक्त खातं उघडावं लागतं. तुमच्या जावयांचा थेट पूर्वज तेवढाच पाहू नका, सगळी भावंडं पाहा. माहिती देणारा बहुधा जावई किंवा नातू असे. एकाने आजीचं आडनाव चुकीचं सांगितलं, तर दुसऱ्याने बरोबर सांगितलेलं असतं.

मग लग्नाची नोंद. अमेरिकेत बहुतेक राज्यांत लग्नं नोंदवायचं काम काउंटीचं. ओहायोत ही पुस्तकं १८५२पासून प्रोबेट कोर्टाकडे (मृत्युपत्रं-वारसा पाहणारं काउंटीचं कोर्ट) आहेत, त्याआधीची कॉमन प्लीज कोर्टाच्या कारकुनाकडची. एकोणिसाव्या शतकातल्या ओहायोच्या नोंदीत आईवडिलांची नावं सहसा नसतात: दोन नावं, तारीख, लग्न लावणाऱ्याचं नाव, संपलं. तरी मूळ पान पाहाच, नुसती सूची पाहून थांबू नका. मुलगी १८च्या आतली किंवा मुलगा २१च्या आतला असेल तर पालकाची संमती लागे, आणि ती देणाऱ्याचं नाव कधीकधी त्याच पानावर एका ओळीत असतं. सूची करणाऱ्याने ती ओळ घेतलेली नसते. लग्न लावणारा धर्मोपदेशक कोणत्या पंथाचा ते शोधा. त्याच्या चर्चच्या वह्यांत बाप्तिस्मे असू शकतात.

कोणत्या काउंटीत शोधायचं? आपल्याकडे जसं लग्न मुलीच्या दारी लागतं, तसंच तिथेही होतं: परवाना मुलीच्या काउंटीतून आणि लग्न तिच्या वडिलांच्या घरी. जोडपं नंतर जिथे राहिलं तिथे शोधून हात हलवत परत येणारे असंख्य. पुन्हा लिंकन यांच्याकडे येते, कारण याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही. थॉमस आणि नॅन्सी राहिले केंटकीतल्या हार्डिन काउंटीत, म्हणून लोकांनी त्यांच्या लग्नाची नोंद तिथेच शोधली. तिथे मिळालं ते थॉमसचं दुसरं लग्न. पहिल्याचा कागद नाही म्हटल्यावर राष्ट्राध्यक्षांच्या जन्माबद्दल नको ते बोललं गेलं. नोंद होती वॉशिंग्टन काउंटीत, नॅन्सी जिथे राहत होती तिथे. १० जून १८०६चा ५० पौंडांचा बाँड (लग्नात कायद्याची अडचण निघाली तर एवढी रक्कम भरायचं हमीपत्र), १२ जूनला लग्न, लावणारे जेसी हेड. हे कागद उजेडात आले १८७८ला, लिंकन यांच्या हत्येनंतर तेरा वर्षांनी. त्या बाँडवर थॉमसबरोबर सही आहे रिचर्ड बेरी यांची. बापाची नाही. जामीन राहणारा माणूस बहुधा मुलीच्या बाजूचा असतो. तो बाप नसेल तर भाऊ, मामा, पालक यांपैकी कोण हे शोधणं हाच पुढचा धागा. ओहायोत असे बाँड नव्हते, पण तुमचा शोध व्हर्जिनिया किंवा केंटकीकडे वळला तर हे लक्षात ठेवा. बाँड म्हणजे लग्न झाल्याचा पुरावा नव्हे. उपदेशकाने लग्न लावून परत पाठवलेली नोंद हा पुरावा.

काउंटीच्या सीमाही तपासा. पूर्व ओहायोतली नोबल काउंटी १८५१ला मनरो, वॉशिंग्टन, मॉर्गन आणि गर्न्सी यांच्यातून निघाली. १८५०ला एका काउंटीत आणि १८६०ला दुसरीत दिसणारं कुटुंब कदाचित जागचं हललंच नसेल, आणि लग्नाची नोंद जुन्या काउंटीच्या कोर्टात असेल. शिकागोच्या न्यूबेरी ग्रंथालयाचा काउंटी-सीमांचा ऐतिहासिक नकाशासंग्रह यासाठी उत्तम आहे.

आडनाव अजून हाती आलं नसेल, तर १८५०चं पान पुन्हा उघडा आणि मागची-पुढची पाच-सहा पानं सावकाश वाचा. प्रगणक दारोदार फिरत असे, म्हणून पानावरचा क्रम साधारण वस्तीचा क्रम. तुमच्या बाईपेक्षा वीस ते चाळीस वर्षांनी मोठं जोडपं जवळपास आहे का? त्यांच्या घरातली किंवा तुमच्या घरातली मुलांची नावं एकमेकांत फिरताहेत का? अशी दोन-तीन आडनावं निघाली की त्या म्हाताऱ्यांची मृत्युपत्रं आणि जमिनीचे व्यवहार काढा. मृत्युपत्रात 'माझी मुलगी अमुक, तमुकची बायको' असं सरळ लिहिलेलं सापडतं. मृत्युपत्र नसेल तर वडिलांची जमीन विकताना सगळ्या वारसांनी सह्या केलेल्या असतात, लग्न झालेल्या मुली नवऱ्यांसह. हे हाताने लिहिलेले कागद वर्षानुवर्षं सूचीवाचून पडून होते. आता फॅमिलीसर्चने यंत्राकडून वाचून घेऊन त्यांच्या पूर्ण मजकुरात शोधायची सोय केली आहे. नवऱ्याचं पूर्ण नाव आणि काउंटी घालून बघा. सासऱ्याच्या मृत्युपत्रात नवऱ्याचं नाव आलं की सुटलंच.

नवऱ्याच्या आईवडिलांसाठी पेनसिल्व्हेनियात लग्नाची सरकारी नोंद शोधत बसू नका. त्या राज्यात लग्नाचा परवाना सक्तीचा झालाच १ ऑक्टोबर १८८५पासून. तिथे चर्चच्या वह्या, कर-याद्या आणि मृत्युपत्रं. आडनाव जर्मन असेल तर म्युलरचं मिलर आणि श्मिटचं स्मिथ झालेलं धरून चाला. जुन्या लिखाणात जोड 'एस' असा काढत की सूची करणाऱ्याला तो 'पी' वाटे आणि रॉसचा रॉप होई, त्यामुळे आडनाव सोडून नुसतं पहिलं नाव, वय आणि काउंटी यांवरही शोधून पाहा.

इंटरनेटवर तयार वंशवृक्ष मिळतील, थेट इंग्लंडच्या सरदारापर्यंत नेणारे. त्यातली नावं कुठल्या कागदावर आहेत ते विचारा. कागद दाखवला नसेल तर नातीच्या वंशावळीत ते नाव लिहू नका.

आणि जे ऑनलाइन नाही, त्यासाठी पत्र लिहा. बेलव्हिल गावात ओहायो जिनिऑलॉजिकल सोसायटीचं ग्रंथालय आहे आणि तिच्या काउंटीवार शाखा आहेत. तिथल्या लोकांना गावची कबरस्तानं पाठ असतात. पत्रात अख्खी कहाणी लिहू नका: नवरा-बायकोची नावं, काउंटी, टाउनशिप (काउंटीतला पोटविभाग), १८५०च्या पानाचा क्रमांक आणि एकच प्रश्न, बाईचे आईवडील कोण.