लाकडाचा लेथ नेमका कुठून घ्यायचा?

प्रश्न: दादा नमस्कार. मी यंत्रमाग कारखान्यात जॉबर (माग दुरुस्त करणारा) होतो, आता रिटायर झालोय. गच्चीवर पत्र्याची खोली आहे आणि लाकडाच्या कातीव कामाची लहानपणापासून आवड आहे. बजेट पन्नास हजार. ऑनलाइन एक चकचकीत लेथ (लाकूड फिरवून कातायचं मशीन) दिसतोय, राजकोटचा एक जण फोनवर रेट सांगतोय, आणि इथला ओळखीचा वर्कशॉपवाला म्हणतोय कशाला बाहेरनं आणता मीच बनवून देतो. शिवाय आठ पटाश्यांचा सेट दीड हजारात मिळतोय, तो पण घेऊन टाकू का? – एक वाचक, अक्कलकोट रोड

उत्तर: काका नमस्कार. गेल्या काही महिन्यांत हाच प्रश्न बरेच जण विचारायलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझं मत सरळ आहे, लेथ अशा ठिकाणाहून घ्या जिथं जाऊन तुम्ही त्याला हात लावू शकता, आणि पटाश्या मात्र जिथं चांगलं स्टील मिळतं तिथून घ्या, मग ते ठिकाण लांब असलं तरी चालेल. दोन्ही एकाच दुकानातून घ्यायचा हट्ट नको.

लेथचं काय असतं, तो फोटोत सगळ्यात भारी दिसतो. वजन, थरथर, बेअरिंगचा आवाज यातलं काहीच फोटोत येत नाही. तुम्ही जॉबर होतात, म्हणजे बेअरिंग ऐकायला मी शिकवायची गरज नाही. दुकानात गेलात की मशीन चालू करायला लावा आणि हेडस्टॉकवर (मोटरच्या बाजूच्या डोक्यावर) पाच रुपयाचं नाणं उभं ठेवा. उभं राहिलं तर उत्तम, लगेच पडलं तर मालकाला कारण विचारा. मग मशीन बंद करून स्पिंडल (लाकूड फिरवणारा दांडा) हातानं पुढे-मागे आणि वर-खाली ओढून बघा, कटकट लागली तर तो लेथ सोडा. त्यानंतर दोन्ही बाजूला टोकदार सेंटर बसवून टेलस्टॉक (समोरचं सरकणारं डोकं) सरकवत आणा, दोन्ही टोकं समोरासमोर बरोब्बर भेटली पाहिजेत. तिथं केसभर फरक असला तर चालवून घेता येतं, पण दोन-तीन एमएमचा फरक असेल तर भोक पाडताना ड्रिल भरकटणारच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आटे. स्पिंडलचे आटे कुठले आहेत हे पैसे द्यायच्या आधी विचारा आणि बिलावर लिहून घ्या. लाकडाच्या लेथला एक इंच आठ टीपीआय (इंचाला आठ आटे) किंवा एम ३३ बाय ३.५ (३३ एमएम व्यास, दर ३.५ एमएमला एक आटा) हे आटे असले की चार जबड्यांचा चक (लाकूड पकडणारा), फेसप्लेट (लाकूड स्क्रूनं बसवायची तबकडी) सगळं तयार मिळतं. आतलं भोक मोर्स टेपर २ चं (ठरलेल्या मापाचं निमुळतं) असावं आणि स्पिंडल आरपार पोकळ असावा, म्हणजे अडकलेलं सेंटर मागून सळई घालून बाहेर काढता येतं. हे एवढं ठासून सांगतोय कारण माझ्या पहिल्या लेथला अठ्ठावीस एमएमचे कसले तरी स्वतःचेच आटे होते. विकणाऱ्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. हौसेनं मागवलेला चक चार महिने खोक्यात पडून राहिला, शेवटी एका टर्नरकडून अ‍ॅडाप्टर करून घेतला, पण त्यामुळं चक दीड इंच पुढं आला आणि वाटी कातताना अशी थरथरायची की आतल्या बाजूला चकलीवर असतात तशा रेषा उमटायच्या. चार वाट्या त्यात वाया गेल्या, त्यातली एक चांगल्या शिसमाची होती, ती अजून डोळ्यासमोर आहे.

म्हणून तुमच्या ओळखीच्या वर्कशॉपवाल्याला मी नाही म्हणत नाही, आपल्याकडे मशीन बनवणारे हात चांगले आहेत. फक्त त्याला एक कोरा चक किंवा त्या आट्याचं नट हातात द्या आणि सांगा की हे बसलं पाहिजे. बेड (लेथचा खालचा आडवा पाया) चौकोनी पाइपचा करणार असेल तर तो वाळूनं भरून घ्या, वजन वाढतं आणि थरथर मरते. आणि तो आधी लोखंड कातायचे लेथ करणारा असेल तर वेगाचं बोला, कारण लोखंड कातायचा जुना लेथ सावकाश फिरतो, लाकडाला तो वेग पुरत नाही. हिशोब सोपा आहे, तुकड्याचा व्यास इंचात धरा, त्याला आरपीएमनं गुणा, उत्तर ६००० ते ९००० च्या मध्ये यावं. दहा इंची थाळीला ६०० ते ९०० आणि दोन इंची लाटण्याला निदान ३०००. ओबडधोबड, तोल नसलेला ओंडका असेल तर मात्र सगळ्यात कमी वेगावर सुरुवात करायची, इथं कुठलाच हिशोब लावायचा नाही. घरात सिंगल फेजच असणार, तर १ एचपी थ्री फेज मोटर आणि सिंगल फेजवर चालणारा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा डबा) लावला की पट्टा न बदलता नॉबवर वेग कमी-जास्त होतो. थोडे पैसे जास्त जातील पण रोज कामाला येतं.

राजकोटवाल्यांकडे माल चांगला असतो, पण एकदा जाऊन या, नाहीतर निदान व्हिडिओ कॉलवर वरच्या सगळ्या तपासण्या करून घ्या. ट्रान्सपोर्टनं मागवला तर लाकडी खोक्यात पॅक करायला सांगा, बिडाचा पाय एकदा आपटला की तडकतो आणि नीट जोडला जात नाही. बिल्टीवर सही करायच्या आधी गोडाऊनमध्येच खोकं उघडून बघा, हमाल कितीही घाई करू देत.

पटाश्यांचा तो दीड हजाराचा सेट घेऊ नका. आठ नगांतले चार तुम्ही कधीच हातात धरणार नाही आणि बाकीच्या चारांचं स्टील कार्बनचं असेल तर ग्राइंडरवर जरा दाबून धरलं की टोक निळं पडतं. निळं पडलं म्हणजे पाणी उतरलं, मग धार पाच मिनिटं पण टिकत नाही. एचएसएस (हाय स्पीड स्टील) घ्या, त्यातलं एम २ म्हणून विचारा. दुकानदार एचएसएस म्हणाला म्हणून विश्वास ठेवायची गरज नाही, टोक ग्राइंडरला टेकवून बघू द्या म्हणा. कार्बन स्टीलच्या ठिणग्या पिवळ्या-पांढऱ्या, फुलबाजीसारख्या फुटत जातात, एचएसएसच्या लालसर, बारीक आणि कमी उडतात. एकदा दोन्ही शेजारी शेजारी बघितल्या की आयुष्यभर चूक होत नाही.

सुरुवातीला चारच हत्यारं लागतात: पाऊण इंची रफिंग गाऊज (चौकोनी लाकूड गोल करायची खोलगट पटाशी), तीन अष्टमांश इंची स्पिंडल गाऊज (खाचा-गोलाई काढायला), पार्टिंग टूल (तुकडा कापून वेगळा करायला) आणि एक इंची स्क्यू (तिरक्या धारेची पटाशी). वाटी-थाळीकडे वळलात की मग बोल गाऊज (वाटी पोखरायची पटाशी) घ्या. रफिंग गाऊज वाटीत कधीही घालायचा नाही, त्याची मुठीत जाणारी शेपटी बारीक असते, अडकली की मोडते आणि तुटलेलं पातं तोंडाकडे येतं. इंग्लंडमधलं शेफील्ड हे या हत्यारांचं जुनं गाव, १८२८ पासूनची रॉबर्ट सॉर्बी तिथलीच. इंपोर्टमुळं महाग पडतात, पण बिनमुठीची घेतली तर काही पैसे वाचतात आणि मूठ तुम्ही स्वतः कातायची. आपल्याकडे बाभूळ काय कमी आहे का? वाळलेल्या बाभळीची मूठ हातात बसते, आणि सरावाचं पहिलं काम म्हणून पण ती छान. हत्यारं शोधायला मुंबईला नागदेवी स्ट्रीट, पुण्याला बोहरी आळी, नाहीतर सिकंदराबादचं राणीगंज, तिन्हीकडे सोलापूरवरून रेल्वेनं जाता येतं. ग्राइंडर तिथंच बघा, १४४० आरपीएमचा आठ इंची, आणि त्याला करड्या दगडाऐवजी पांढरा दगड बसवा, हत्यार कमी तापतं.

पन्नास हजारातले तीस-बत्तीसच लेथला लावा काका. उरलेले ग्राइंडर, चक, हत्यारं आणि तोंडावरच्या पूर्ण शील्डला लागणार आहेत, नुसत्या चष्म्यावर काम करू नका.

प्रश्न: मी जुळे सोलापूरला फ्लॅटमध्ये राहते. मुलांसाठी लाखेच्या रंगाचे भोवरे करायचेत. ड्रिल मशीनला लावायचा छोटा लेथ ऑनलाइन स्वस्तात मिळतोय, चालेल का? – एक ताई

उत्तर: ताई, तो नको. ड्रिलच्या बेअरिंग पुढून येणारा दाब सोसायला असतात, लेथवर दाब बाजूनं येतो, थोड्या दिवसांत ड्रिल पण जाईल. त्यापेक्षा बिडाचा मिनी लेथ घ्या, चाळीस किलोच्या आसपास वजनाचा, जाड टेबलाला बोल्ट मारून बसवा आणि टेबलाखाली रबर घाला, खालच्या मजल्यावरचे वैतागणार नाहीत. लाखेचं काम शिकायचं तर खरेदीच्या आधी एकदा सावंतवाडी किंवा चन्नपटणाला जाऊन या. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकवली की घासण्याच्या उष्णतेनं ती वितळून लाकडावर पसरते, आणि मग केवड्याच्या पात्यानं चकाकी आणतात. हे एकदा समोर बसून बघितलं की आपल्याला किती छोटा लेथ पुरतो ते आपोआप कळतं. चन्नपटणाची खेळणी ज्या लाकडाची करतात तो आपला काळा कुडा, बारीक रेषांचा आणि रंगाला फिकट. आणि ओढणी, बांगड्या, मोकळे केस, हातमोजे यातलं काहीही लेथजवळ नको, हे प्रत्येक वेळी.

प्रश्न: जुना लाकडाचा लेथ कुठं मिळेल? भंगारवाल्यांकडे फक्त लोखंडाचेच दिसतात. – बार्शी

उत्तर: भाऊ, भंगारात नका शोधू, फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये चौकशी करा. ओतकामाचे लाकडी साचे कातायला त्यांना लाकडाचाच लेथ लागतो, आणि तो चांगला वजनदार असतो. कोल्हापूरला शिरोलीकडे फाउंड्र्या भरपूर आहेत, आता काही जण साच्याचं काम सीएनसीवर (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर) नेतायत, तर विचारून बघायला हरकत नाही. जाताना स्वतःची टॉर्च न्या, पट्टा काढून स्पिंडल हातानं फिरवा आणि बेडवर टेलस्टॉक या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून बघा. मधेच सैल आणि टोकाला घट्ट लागला तर बेड झिजलाय. बेअरिंग बदलता येतात, झिजलेला बेड सरळ करायला लेथच्या किमतीएवढा खर्च येतो.