तीन ओळींचा मेल

‘मॅडम, चौथीपर्यंत मराठीतून शिकले, पाचवीपासून इंग्रजी. बोलताना निभावून नेते, पण लिहायला बसले की पोटात गोळा येतो.’ गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, पेडण्याकडची मुलं माझ्याकडे इंग्रजी शिकायला येतात, तेव्हा ही तक्रार हमखास असते.

त्यांतलीच एक, पणजीतल्या एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) वरिष्ठांनी तिचा मेल सगळ्यांसमोर वाचून दाखवला होता. तेव्हापासून ‘मोपा विमानतळावर गाडी पाठवतो’ एवढं कळवायलाही तिला चाळीस मिनिटं लागत. लिहायचं, खोडायचं. चूक दाखवायची तर शेजारी खुर्ची ओढून दाखवावी. चारचौघांत वाचलेला मेल माणूस विसरत नाही.

मी तिला जुने दहा मेल आणायला सांगितले. पेन्सिल घेऊन दोघी बसलो. चुका निघाल्या तीनच, पुन्हा पुन्हा त्याच. ‘डिस्कस अबाउट’ मराठीतून आलेलं: आपण एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करतो, पण इंग्रजीत ते ‘विषयी’ ‘डिस्कस’च्या पोटातच असतं. ‘रिव्हर्ट बॅक’मधला ‘बॅक’ही तसाच जास्तीचा, त्यापेक्षा साधं ‘रिप्लाय’ बरं. तिसरी, ‘लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू’.

‘‘‘टू’’पुढे ‘‘मीट’’च येणार ना?’ ती अडून बसली. मी लिहून दाखवलं: ‘लुकिंग फॉरवर्ड टू युअर व्हिजिट’. इथल्या ‘टू’पुढे नाम बसतं, म्हणून क्रियापदही नामाचं रूप घेऊन येतं, ‘मीटिंग’.

तरी तिचा चेहरा पडलेलाच. मग विचारलं, ‘चोर पोलिसांच्या तळहातावर तूरडाळ ठेवून पळाला, असं म्हणशील?’

ती खळखळून हसली. ‘हातावर तुरी दिल्या म्हणतात!’

‘हा नियम कोणत्या इयत्तेत शिकलीस?’

कुठल्याच नाही. तो वाक्प्रचार तिने आख्खा ऐकला, आख्खा उचलला. इंग्रजीतलेही असेच उचलायचे, त्यांच्या ‘टू’, ‘फॉर’, ‘विथ’सकट. तिने वही केली. सुटे शब्द नाहीत, तिच्याच कामातली पूर्ण वाक्यं, रोज एक, मोठ्याने वाचून. ‘डू द नीडफुल’, म्हणजे ‘आवश्यक ते करा’, मात्र काढायला लावलं. चुकीचं नाही, जुन्या इंग्रजी कचेऱ्यांतलं आहे. पण पाहुण्याला नेमकं काय हवंय ते कळत नाही. ‘पासपोर्टची प्रत पाठवा’ असं सरळ लिहावं.

दोन महिन्यांनी तिने मोबाइलवर पाठवलेला मेल दाखवला. एक ‘द’ राहिला होता. ‘पाठवल्यावर दिसला,’ ती म्हणाली, ‘पुढच्या वेळी घालीन.’